‘शिक्षिकेस पत्र’ मधील गणितविचार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
इटलीतील तोस्काना प्रांतात बार्बियाना नावाची एक डोंगराळ वस्ती आहे. डिसेंबर १९५४ मध्ये तेथे पाठविण्यात आलेले धर्मगुरू लोरेंझो मिलानी यांनी शेतकरी कुटुंबांतील मुलांसाठी शाळा चालविली. या शाळेतील आठ विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले ‘शिक्षिकेस पत्र’ हे पुस्तक मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात मिलानी यांचे निधन झाले. हे पुस्तक प्रामुख्याने सामाजिक विषमतेविरुद्धचे आरोपपत्र म्हणून वाचले जाते. त्यातील गणितविषयक विचारांकडे मात्र समीक्षकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. प्रस्तुत लेखात या विचारांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

शिकणारा हाच शिकविणारा :
पुस्तकाचा निवेदक स्वतः विद्यार्थी असतानाच शिक्षक होतो. आठवड्यातील तीन अर्धे दिवस तो माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गातील मुलांना भूगोल, गणित आणि फ्रेंच शिकवितो. अपूर्णांक समजावून सांगण्यासाठी पदवीची गरज नसते, अशी त्याची धारणा आहे. त्याच्या हातून चूक झाली तर मुलांना उलट हायसे वाटते आणि सर्वजण मिळून उत्तर शोधतात. येथे चुकीचे स्थान बदलते, ही बाब महत्त्वाची आहे. प्रचलित वर्गात चूक गुणपत्रिकेत नोंदली जाते; बार्बियानात ती सामूहिक कामाचा आरंभबिंदू ठरते.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्याची पद्धत आपल्याकडे अपरिचित नाही. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहान मुलांकडून पाढे, पावकी, निमकी म्हणवून घेत. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी अशीच पद्धत अवलंबिली व तिचा वृत्तान्त १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनीही तशाच स्वरूपाची पद्धत रूढ केली. परंतु या पद्धतीचा मुख्य हेतू काटकसर हा होता : एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले सांभाळणे. त्यातील नायक-विद्यार्थी पाठ पुढे पोहोचवीत असे, पाठाविषयी प्रश्न विचारीत नसे. बार्बियानाचा बाल-शिक्षक मात्र जे शिकवितो त्याची उपयुक्तताही तपासतो. बाह्य साम्य असले तरी दोन्ही पद्धतींतील हा भेद मूलगामी आहे.

एका उदाहरणाची चिकित्सा :
परीक्षेतील भूमितीच्या एका प्रश्नावर पुस्तकात कठोर टीका आहे. त्या प्रश्नात वृत्तचिती आणि अर्धगोल यांपासून बनलेल्या घनाकृतीच्या पृष्ठफळाविषयीची माहिती देऊन पुढील आकडेमोड करावयास सांगितली होती. लेखक-विद्यार्थ्यांचा युक्तिवाद असा की पृष्ठफळ मोजणारे कोणतेही उपकरण नाही. म्हणून पृष्ठफळ ठाऊक आहे आणि मापे ठाऊक नाहीत, अशी स्थिती व्यवहारात उद्भवूच शकत नाही.

हा युक्तिवाद आकर्षक असला तरी तो पूर्णतः मान्य करता येत नाही. पत्र्याच्या टाक्या करणाऱ्या कारागिराकडे पत्रा मोजका असतो. म्हणजे क्षेत्रफळ त्याला आधी ठाऊक असते आणि त्यात बसणारी उंची व व्यास त्याला शोधावयाचे असतात. कापडातून झबले बेतणाऱ्या शिंप्याचीही हीच स्थिती असते. ज्ञात फलितावरून अज्ञात घटकांकडे जाणे हा गणिताचा केवळ पुस्तकी खेळ नव्हे, तो श्रमिकांच्या व्यवहाराचाही भाग आहे. त्या प्रश्नाचा दोष त्याच्या दिशेत नव्हता. तो कोणाच्याही कामाशी जोडलेला नव्हता, हा त्याचा दोष होता.

विशेष म्हणजे स्वतः लेखकांनीही हाच उलटा मार्ग अनुसरला आहे. शासकीय आकडेवारीवरून त्यांनी कोणत्या इयत्तेत किती मुले गळाली याची कोष्टके व आलेख तयार केले आणि त्या गळतीवरून तिच्या कारणांकडे, म्हणजे पालकांच्या व्यवसायाकडे, ते गेले. येथेही फलित ज्ञात होते आणि घटक अज्ञात. या सांख्यिकी कामाबद्दल इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने पुस्तकाला पुरस्कार दिला. नापास ठरविल्या गेलेल्या मुलांनी गणिताच्या आधारे आपल्या नापास होण्याचा हिशेब मांडावा, यातच पुस्तकाचे सामर्थ्य आहे. म्हणून प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणातून गणित वगळण्याचा त्यांचा विचार त्यांच्याच कर्तृत्वाशी विसंगत ठरतो. अपूर्णांक समजावण्यास पदवी लागत नाही हे खरे. परंतु मुलाची चूक कोठून उद्भवली हे ओळखण्यासाठी शिक्षकाचे विषयज्ञान पाठ्यपुस्तकाच्या थोडे पुढे असावेच लागते.

आजचा संदर्भ :
हा प्रश्न आपल्या दृष्टीने केवळ ऐतिहासिक नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षेत, फेरपरीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहणाऱ्या विद्यार्थ्याला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांनी परस्परांना शिकविण्याचा पुरस्कार आहे, तोही प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली. बार्बियानाच्या लेखकांनी तीन सुधारणा सुचविल्या होत्या : नापास करू नका, मागे पडणाऱ्यांना पूर्णवेळ शाळा द्या आणि आळशांना ध्येय द्या. या तिन्ही एकमेकींवर अवलंबून आहेत. केवळ पहिली स्वीकारली तर न शिकताच वरच्या वर्गात जाणे घडते. ती सोडून दिली तर शाळेच्या उणिवेची शिक्षा विद्यार्थ्याला मिळते.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की ‘शिक्षिकेस पत्र’ मधील गणितविचार सामाजिकदृष्ट्या अचूक, परंतु विषयदृष्ट्या अपुरा आहे. सहाध्यायी-शिक्षण हा शिक्षकाला पर्याय नव्हे. शिक्षकांची रिक्त पदे झाकण्यासाठी त्याचा वापर झाला, तर आपण बार्बियानाकडे न जाता बेल-लँकेस्टर यांच्या काटकसरीकडेच परतू. पदवीच्या वर्गात अपूर्णांकाला अडखळणारा विद्यार्थी आपल्यासमोर येतो तेव्हा त्याच्या कुवतीविषयी निर्णय देण्यापूर्वी, सहावी ते आठवीच्या काळात त्याला कोणाला काही शिकविण्याची संधी मिळाली होती काय, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांनी विचारणे अगत्याचे आहे.