‘स्वतंत्र’ प्लास्मिडची अर्धी गोष्ट

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत प्लास्मिड एका वाक्यात उरकलेला असतो: जीवाणूच्या गुणसूत्राखेरीज असणारा, स्वतंत्रपणे द्विगुणित होणारा डीएनएचा लहान वलयाकार रेणू. शेजारी एक मोठे वर्तुळ, दोन-तीन छोटी. ‘वलयाकार’ला अपवाद आहेत (बोरेलियात सरळ धाग्यासारखे प्लास्मिडही असतात), पण ते चालून जाईल. खटकतो तो ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द.

ई. कोलायमधला कोल-ई-१ प्लास्मिड घ्या. डीएनए जोडणारी विकरे सगळी यजमान पेशीची. प्लास्मिडच्या हाती असते ते एवढेच, की सुरुवात केव्हा करायची. आरएनए-२ हा रेणू सुरुवात करून देतो. त्याला पूरक असा छोटा आरएनए-१ त्याला चिकटून ते काम अडवतो. प्रती वाढल्या की आरएनए-१ वाढतो आणि लगाम आवळला जातो. घटल्या की तो सैल होतो. म्हणून पेशीत साधारण १५ ते २० प्रती राहतात.

टिकण्याविषयी तर पुस्तके गप्पच. वास्तविक हे वर्गात नाणी उडवून दाखवता येईल. छाप म्हणजे एक कन्यापेशी, काटा म्हणजे दुसरी. वीसच्या वीस नाणी एकाच बाजूला पडण्याची शक्यता सुमारे सव्वापाच लाखांत एक. (कोल-ई-१च्या प्रती एकमेकींत जुळून मोठी वलये झाली, तर नाणी कमी होतात आणि हिशेब कोलमडतो.) आता दोनच नाणी घ्या. निम्म्या वेळा एक पेशी रिकामी! एफ प्लास्मिडच्या प्रती एक-दोनच असतात. वाटणी नशिबावर सोडून त्याचे भागणार कसे? प्रती दोन्हीकडे नेऊन ठेवणारी सोप जनुके त्याच्याजवळ आहेत.

शिवाय एक दुष्ट युक्तीही आहे. ओगुरा आणि हिरागा यांनी १९८३ साली दाखवले, की एफवर विष आणि उतारा यांची जोडी असते. विषारी प्रथिन टिकाऊ, उतारा लवकर नष्ट होणारा. प्लास्मिड हरवलेली पेशी नवा उतारा बनवू शकत नाही. ती मरते किंवा तिची वाढ खुंटते.

मग ‘प्लास्मिड उपयोगी म्हणून जीवाणू ते सांभाळतात’ हे वाक्य कुठे राहिले? प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या आर-१ प्लास्मिडवरही असाच विषाचा बंदोबस्त आहे. औषध बंद केले की प्रतिरोध आपोआप ओसरेल, असे विद्यार्थी गृहीत धरतात, कारण त्यांना गोष्टीचा हा अर्धा भाग कोणी सांगितलेलाच नसतो.