‘स्वयंसेवक’ : एका शब्दाची कारागृहातील परीक्षा

ॲलन हॉर्नब्लम यांचा ‘एकर्स ऑफ स्किन’ हा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. फिलाडेल्फियातील होम्सबर्ग कारागृहात १९५१ ते १९७४ या काळात त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी बंदिवानांवर केलेल्या प्रयोगांचा तो इतिहास होय. शीर्षक क्लिगमन यांच्याच उद्गारातून घेतले आहे. एकर हे जमिनीचे माप. ते त्वचेला लावताच माणूस नाहीसा होतो, क्षेत्रफळ तेवढे उरते.

हे बंदिवान ‘स्वयंसेवक’ म्हणविले जात. या शब्दाची पोकळी दाखविणारा पुरावा हेच ग्रंथाचे खरे बळ होय. तुरुंगातील इतर कामांपेक्षा प्रयोगांचा मोबदला पुष्कळ अधिक होता. शिवाय अनेक जण दोषी ठरलेले नव्हते, केवळ जामिनाच्या रकमेअभावी अडकून पडले होते. ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही, त्याच्या होकारास संमती म्हणणे हा अर्थाचा विपर्यास आहे.

१९७८ च्या अमेरिकी संघीय नियमांनी बंदिवानांना कळेल अशा भाषेत माहिती देणे आवश्यक ठरविले. सवलतींच्या मोहाने धोक्याचा तोल पाहण्याची शक्ती क्षीण होऊ नये, अशीही अट घातली. दोहोंत दुसरी अट अधिक मूलगामी. सुबोध भाषेने अज्ञान दूर होते, अगतिकता नव्हे. संमतिपत्राची भाषा तपासणाऱ्याने प्रथम नकाराची किंमत तपासावी, हा या ग्रंथाचा निष्कर्ष मानावा लागतो.