अंदाज बरोबर आला, मग माणसं का चिडली?

आज आपण विज्ञान लोकांपर्यंत पोचवण्याच्या एका फसलेल्या उदाहरणाकडे बघू. उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: पावसाचा अंदाज.

२०२३ च्या मे महिन्यात भारतीय हवामान विभागाने सांगितलं, की जून ते सप्टेंबर देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस पडेल, चार टक्के इकडे-तिकडे. प्रत्यक्षात सुमारे ९४ टक्के पडला. आकड्याला आकडा लावला, तर विभाग पास! पण त्याच वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. पाऊस ३६ टक्के कमी. आपल्या राज्यात ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. ज्याचं सोयाबीन ऐन फुलोऱ्यात वाळलं, त्याने त्या ९६ चं काय करायचं?

आमचं म्हणणं असं, की इथे घोटाळा सांगण्यात झाला. ९६ हा आकडा अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा. त्यात कोकणही आलं आणि माणदेशही. हंगामाची बेरीज जुळली तरी मधला महिना कोरडा जाऊ शकतो. बातमीत मात्र मथळा येतो, ‘यंदा पाऊस सामान्य’. विभागाच्या भाषेत ‘सामान्य’ म्हणजे देशाच्या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के. ऐकणाऱ्याच्या कानात ‘सामान्य’ म्हणजे आपल्या शिवारात ठीकठाक पडणार. शब्द एक, अर्थ दोन. आणि ते ‘चार टक्के इकडे-तिकडे’? ते तर वाटेतच गळतं.

सोपं करून सांगायच्या नादात आपण नेमकी अनिश्चितताच कापून टाकतो. लोकांना ती कळणार नाही, असं गृहीत धरतो. अहो, मृग कोरडा गेला तर आर्द्रावर भिस्त ठेवणाऱ्या माणसाला अनिश्चितता तुम्ही-आम्ही काय शिकवणार? तो तिच्यावरच जगतो.

याउलट कृषी विभागाचा सल्ला बघा: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. इथे विज्ञान थेट निर्णयापाशी येऊन उभं राहतं. दुबार पेरणीचं बियाणं-खत वाचू शकतं. उणीव एवढीच, की मिलिमीटर मोजायला बांधावर पर्जन्यमापक नसतो. तेव्हा जमिनीत ओल किती खोल गेली म्हणजे पेरायचं, हेही सोबत सांगायला हवं.

म्हणून विज्ञान सांगणाऱ्या आपण सगळ्यांनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हा आकडा कुठला आणि किती काळाचा? तो किती चुकू शकतो? आणि ऐकणाऱ्याने उद्या सकाळी काय करायचं? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर तेही उघड सांगावं: ‘या अंदाजावरून तुमच्या गावची पेरणी ठरवू नका.’ एवढं एक वाक्य २०२३ मध्ये प्रत्येक बातमीत असतं, तर पाऊस वाढला नसता; पण विज्ञानावरचा विश्वास थोडा तरी वाचला असता.