'फ्यूजन' हे उत्तर नाही: 'शक्ती' कशी ऐकायची?

महाड-पोलादपूरकडे 'शक्ती' म्हटलं की आधी शक्ती-तुरा आठवतो. आज बोलायचंय ते जॉन मॅक्लॉक्लिन (गिटार), एल. शंकर (व्हायोलिन), झाकीर हुसेन (तबला) आणि विक्कू विनायकराम (घटम) यांच्या 'शक्ती' या गटाबद्दल. ५ जुलै १९७५ रोजी लाँग आयलंडच्या साउथॅम्प्टन कॉलेजात झालेली त्यांची मैफल १९७६ मध्ये पहिला अल्बम म्हणून आली. तिच्यात मृदंगमवर आर. राघवनही आहेत. ड्रमसेट नाही, बेस नाही, कीबोर्ड नाही.

या गटावर लिहायला बसलात की पहिलं वाक्य हमखास सुचतं: 'पूर्व-पश्चिमेचं फ्यूजन'. प्रस्तावात ते टाकलंत की गाइड विचारणार, मिसळलं नक्की काय? कोणी काय सोडलं?

उत्तर वाद्यात शोधा. त्याआधी मॅक्लॉक्लिन महाविष्णू ऑर्केस्ट्रात कर्कश वाटावी इतकी जोरदार इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात ते डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले. 'शक्ती'च्या काळात त्यांनी गिब्सनकडून खास गिटार बनवून घेतली: मुख्य तारांखाली तिरक्या सात तरफा, आणि स्वर ओढता यावा म्हणून पडद्यांमधली जागा खोलगट कोरलेली. जॅझमध्ये सोलोखाली कॉर्ड बदलत राहतात. इथे बहुतेक वेळ एकच षड्ज. म्हणजे जॅझवाल्याने स्वतःचा मोठा आधार सोडला. उरलं ते आयत्या वेळी सुचणं आणि समोरच्याला उत्तर देणं.

दुसरी गोष्ट 'पूर्व-पश्चिम' म्हटलं की झाकलीच जाते. माहीममध्ये वाढलेले झाकीरभाई उत्तरेच्या तबल्याचे. घटम, मृदंगम आणि शंकरांचं व्हायोलिन कर्नाटक परंपरेचं. बोल वेगळे, ताल मोजायची रीत वेगळी. माझ्या मते या गटातला खरा अवघड संवाद हाच आहे.

आता मूल्यमापन. 'जॉय' ही रचना अठरा मिनिटांची. गिटार आणि व्हायोलिनची शर्यत पहिल्यांदा थक्क करते, पण तिसऱ्यांदा ऐकताना वेगच लक्षात राहतो, स्वरवाक्यं नाही. 'लोटस फीट' पाच मिनिटांच्या आतली, संथ. छेडलेला स्वर लगेच विरतो, गजाचा स्वर लांबवता येतो. हा फरक द्रुत लयीत लपतो, इथे उघडा पडतो. गिटारला स्वर टिकवण्यासाठी धडपडावं लागतं, आणि त्या धडपडीतच मला रचना जिवंत वाटते. कौशल्य 'जॉय'मध्ये जास्त दिसतं, संगीत 'लोटस फीट'मध्ये जास्त आहे.

एक सावधगिरी. शक्ती-तुऱ्यात एक शाहीर प्रश्न टाकतो, दुसरा आपल्या बारीत उत्तर देतो. वादकांची जुगलबंदी ऐकून तुम्हाला तोच सामना आठवेल. आठवू द्या, त्या सवयीने कान तयार होतो. पण सारखेपणा म्हणजे प्रभाव नव्हे. 'कोकणातून तिकडे गेलं' असं लिहिलंत, तर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न पुराव्याचा येईल, आणि तिथे तुम्ही अडकाल.

सुरुवात अशी करा. 'लोटस फीट' तीनदा ऐका: एकदा फक्त गिटार, एकदा व्हायोलिन, एकदा तालवाद्यं. कोण थांबतं, कोण वाट बघतं, कोण बोलणं तोडतं, वेळेसकट टिपा. त्या टिपणांतून जो प्रश्न निघेल, तो तुमचा विषय. 'फ्यूजन' हा शब्द मग शीर्षकात नसला तरी चालेल.