धूर आधी, शेरी नंतर

गेल्या वेळी आपण कान्टपाशी थांबलो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी खोचक प्रश्न विचारला, "सर, व्हिस्कीच्या चवीवर लोक पानंच्या पानं लिहितात, ती समीक्षा की थापा?" मी हसून वेळ मारून नेली. आज उत्तर देतो, आणि त्यासाठी मला माझंच एक विधान मागे घ्यायचंय.

वर्गात मी वर्षानुवर्षं कान्टचा एक दाखला शिकवला. १७९० च्या ग्रंथातला. कॅनरी बेटांवरची वाइन 'छान आहे' असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगावं, बाबा रे, 'मला छान लागते' असं म्हण. सौंदर्याबद्दल वाद घालता येतो, जिभेबद्दल नाही. गंमत बघा, ही कॅनरी वाइन म्हणजे तेव्हाच्या 'सॅक'पैकी एक, शेरीची नातलगच. आणि माझं मत बदललं ते शेरीच्या पिंपामुळे.

व्हिस्कीचं नाव आर्डबेग ऊगादाल. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची सिंगल माल्ट, २००३ साली आलेली, अल्कोहोल ५४.२ टक्के. नाव डिस्टिलरीला पाणी पुरवणाऱ्या तळ्याचं. बर्बनच्या आणि शेरीच्या पिंपांत मुरलेला माल एकत्र करून ती बनवतात. लेबलवर वय नाही.

इथे जरा थांबू. धूर आणि शेरी व्हिस्कीत दोन विरुद्ध टोकांनी शिरतात. जवाला मोड आणून तो वाळवताना खाली पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं दबलेला पाचोळा. त्याचा धूर दाण्यात मुरतो. शेरी येते ती सगळ्यात शेवटी, लाकडातून. पिंपात वर्षं जातात तसा धूर ओसरतो आणि लाकूड चढतं. म्हणजे काळ एकाचं काढून दुसऱ्याला देतो. कुठे थांबायचं, हे ओळखण्यात मिश्रण करणाऱ्याची सगळी कसोटी. समीक्षकाचा प्रश्नही तोच, दोघं एकत्र नांदतात का एकाने दुसऱ्याला गिळलंय?

आता ग्लास. आधी डांबर आणि दवाखान्यातलं टिंक्चर आयोडीन. मग हळूच काळ्या मनुका. धूर मला तरी लहानपणीच्या तांब्याच्या बंबाचा वाटला, ओलं लाकूड पेटत नसतानाचा. माझं नाक मात्र भरवशाचं नाही. मागच्या आजारपणात वास गेला, परत आला तो निम्माच. म्हणून शेजारी रसायनशास्त्राचे एक निवृत्त सहकारी बसले होते. ते म्हणाले, "करपलेली कॉफी आहे यात." मला काही लागेना. "चार थेंब पाणी घाला, घोट घेतल्यावर बोलू नका, थांबा," ते म्हणाले. थांबलो. आणि अगदी शेवटी, धुराच्या मागून, कॉफी आली!

'मला लागते' एवढंच खरं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांची कॉफी त्यांच्यापाशी, माझी उणीव माझ्यापाशी. पण त्यांनी मला ती दाखवली. ह्यूमने १७५७ च्या निबंधात सांचो पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. एकाला वाइनमध्ये चामडं लागलं, दुसऱ्याला लोखंड. लोक हसले. पिंप रिकामं केलं तर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली किल्ली! आमच्या पिंपात किल्ली नव्हती हो, पण शोधायचं कुठे हे सांगता आलं. मला वाटतं, समीक्षा म्हणतात ती हीच.

मग माझा निवाडा. जिम मरे यांच्या 'व्हिस्की बायबल'ने २००९ च्या आवृत्तीत हिला जगातली सर्वोत्तम ठरवलं. मी एवढं म्हणणार नाही. सुरुवात देखणी, शेवट त्याहून देखणा. पण मध्येच गोडवा काकवीसारखा चिकटतो आणि क्षणभर धूर दिसेनासा होतो. पाणी घातल्यावर हे कमी होतं, जात नाही.

सहकाऱ्यांना हे मुळीच मान्य नाही. त्यांचं म्हणणं, धूर तिथे लपतो म्हणूनच परत आल्यावर भेटल्यासारखा वाटतो. मी ज्याला दोष म्हणतो तीच रचना. मी दुसऱ्यांदा घेतली, तिसऱ्यांदाही. मला अजून काकवीच लागते. बाटली निम्मी उरलीय, येत्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत.