देज, हुंडा आणि ‘शारदा’: पैशाची दिशा पुरेशी नाही

संशोधन प्रस्तावांत एक वाक्य हमखास सापडतं: “आदिवासी समाजात हुंडा नाही, उलट मुलाकडचे देज देतात, म्हणून तिथे स्त्रीचं स्थान उंच आहे.” यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम किंवा परधान समाजावर काम करायचं ठरवलं, की हे वाक्य तुमच्याही हातून सहज लिहिलं जाईल. ते लिहिण्याआधी गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ (१८९९) वाचा.

तिथेही पैसा वराकडून वधूच्या बापाकडे जातो. म्हातारा भुजंगनाथ मोजायला तयार, कांचनभट घ्यायला तयार. पैशाची दिशा देजाचीच, पण आपण त्याला कन्याविक्रय म्हणतो. आणि शारदेचं स्थान? तिला कोणी विचारतही नाही. म्हणजे पैशाच्या दिशेवरून स्त्रीचं स्थान काढणारं अनुमान इथेच कोसळतं.

आता नाटकाकडेही जरा कठोरपणे बघा. ते लग्न थांबतं कशामुळे? दोन्ही घराणी सगोत्र निघतात म्हणून. बापाने पैसे घेतले म्हणून नाही आणि शारदेला हे लग्न नको आहे म्हणूनही नाही. देवलांचा राग खरा आहे, पण मुलीच्या नकाराला निर्णायक वजन देण्यापर्यंत नाटक पोहोचत नाही. आपला प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. प्रत्येक देज म्हणजे विक्री नव्हे. इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने १९३१ मध्येच ‘वधूची किंमत’ या शब्दाला हरकत घेतली आणि ‘वधूधन’ अशा अर्थाचा शब्द सुचवला. गोंडांमध्ये देज देणं जमत नसेल, तर मुलगा सासऱ्याकडे काही वर्षं राबतो. ही ‘लमसेना’ प्रथा रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नोंदलेली आहे. बाजारातल्या खरेदीत असं नातं तयार होत नाही. पण ‘वधूधन’ शब्दही फसवा आहे, कारण हे धन वधूच्या हातात पडतंच असं नाही.

कायद्याचं काय? हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ ची व्याख्या वाचा. एका पक्षाने दुसऱ्या पक्षाला लग्नासंबंधी दिलेली मालमत्ता, अशी तिची रचना आहे. मेहर वगळली आहे. देणारा मुलीकडचाच हवा, असं तिथे लिहिलेलं नाही. अनुसूचित जमातींना सूट आहे ती हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये. तीच सूट हुंड्याच्या कायद्यातही आहे असं धरू नका.

सगळ्यात उपयोगी धडा मात्र युगांडाचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वधूमूल्याची प्रथा सरसकट घटनाबाह्य ठरवली नाही. पण लग्न मोडल्यावर ते परत मागणं घटनाबाह्य ठरवलं. बारकावा लक्षात घ्या. परतफेड करावी लागणार असेल, तर मारहाण सोसणाऱ्या मुलीलाही माहेरचेच म्हणतील, “नांद बाई, आता कुठून आणायचे पैसे?” घेतलेलं देज तोवर घरात, शेतात जिरून गेलेलं असतं.

म्हणून झरी-जामणी किंवा मारेगावच्या पोडावर जाल, तेव्हा “मुलीचे किती मिळाले?” असं विचारू नका, उत्तर आकड्यातच येईल आणि तुमचा निष्कर्ष प्रश्नातच ठरून जाईल. आधी त्या व्यवहाराला तिथे काय म्हणतात ते विचारा. मग तीन गोष्टी नोंदवा: घेतं कोण, खर्च कशावर होतो, आणि बाई घर सोडून निघाली तर परत काय द्यावं लागतं. तिसरं उत्तर बायकांकडून घ्या, पुरुषमंडळी बाजूला नसताना. मोजायचंच असेल, तर तिला बाहेर पडताना काय मोजावं लागतं, ते मोजा.