शिडी कोणी लावली?

वेस्ट कोस्ट ट्रेलचे पाच व्हिडिओ सलग बघा. सहावा तुम्ही न बघताच सांगू शकाल. सुरुवातीला जमिनीवर मांडून ठेवलेलं सामान आणि बॅगेचं वजन. मग धुकं, लाटा, संथ पियानो. गुडघाभर चिखल. ‘मी हे का करतोय?’ हा कॅमेऱ्याला विचारलेला प्रश्न. सुसिएट धबधब्याखाली आंघोळ. शेवटच्या दिवशी डोळ्यांत पाणी, आणि खाली कॅप्शन: ‘अनटच्ड वाइल्डरनेस’.

हा ट्रेल कॅनडात, व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. पचीना बे ते गॉर्डन रिव्हर, 75 किलोमीटर, साधारण सहा ते आठ दिवस. वाट कधी सिट्का स्प्रूस, सीडर आणि हेमलॉकच्या ओल्या जंगलातून जाते, तर कधी वाळू, गोटे आणि शेवाळलेल्या खडकांवरून. मी तो चाललो आहे, त्यामुळे एक गोष्ट आधीच मान्य करतो: हे व्हिडिओ खोटं बोलत नाहीत. चिखल खरंच तेवढा असतो. भरती-ओहोटीचा तक्ता न बघता ओवेन पॉइंटकडे निघालात तर काय होईल, हेही ते नीट समजावतात. माझी तक्रार वेगळी आहे. यांच्या गोष्टीत दोनच पात्रं असतात, ‘मी’ आणि ‘निसर्ग’. म्हणून सहावा व्हिडिओ पाचव्यासारखाच होतो.

शिड्यांचंच बघा. या वाटेवर शंभराहून जास्त शिड्या आहेत. नद्यांवर तारेला टांगलेले पाळणे आहेत, त्यात बसून दोरी ओढत पलीकडे जायचं. दलदलीवर फळ्या टाकलेल्या आहेत. व्हिडिओत शिडी येते ती अडथळा म्हणून: धापा, थरथरणारे पाय, वर पोचल्यावर विजयाची आरोळी. पण अडथळा घळीचा असतो, शिडी ही मदत असते. पावसात कुजलेली पायरी कोणीतरी बदललेली असते. ज्याला ‘अनटच्ड’ म्हणताय, त्याच्या प्रत्येक पायरीला हात लागलेला आहे.

आणि हे आजचं नाही. हू-अय-आट, डिटिडाट आणि पचीदाट या तीन राष्ट्रांची ही भूमी. इथल्या पायवाटा आणि होड्यांच्या वाटा त्यांच्या व्यापाराच्या आणि येण्याजाण्याच्या. 1890 च्या सुमारास दीपगृहांना जोडणारी तारायंत्राची तार या जंगलातून गेली. 22 जानेवारी 1906 च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं ‘व्हॅलेन्सिया’ हे जहाज खराब हवेत वाट चुकून इथल्या खडकांवर आदळलं. किनारा डोळ्यांसमोर असताना शंभराहून जास्त माणसं गेली. मोजके लोक कसेबसे कड्यावर चढले. वर त्यांना ती तार सापडली. तिच्या मागोमाग चालत ते तारवाल्याच्या झोपडीपर्यंत पोचले आणि तिथून खबर दिली. त्यानंतर, 1907 पासून, सरकारने ही वाट बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांसाठी बांधायला घेतली. जागोजागी निवारे आणि टेलिफोन ठेवले.

म्हणजे जी वाट आपण स्वतःची परीक्षा घ्यायला चालतो, ती मुळात कोणाची परीक्षा होऊ नये म्हणून बांधलेली आहे. कुठल्याही पटकथाकाराने हावरटासारखी उचलावी अशी ही गोष्ट आहे. व्हिडिओत ती आलीच तर माहितीफलकाच्या एका फोटोपुरती येते.

साधारण मध्यावर निटिनाट नॅरोज लागतं. तिथे पूल नाही, पाण्याला जबर ओढ आहे. डिटिडाट लोकांची बोट तुम्हाला पलीकडे नेते आणि धक्क्यावर ताजा खेकडा खायला मिळतो. या प्रसंगाचं चित्रीकरण ठरलेलं: खेकड्याला क्लोज-अप, तो पकडणाऱ्याला पाठमोरी झलक. नाव नाही, आवाज नाही. मग पुन्हा ‘आम्ही एकटेच’.

हा नुसता शैलीचा दोष नाही. ‘पॅसिफिक रिम नॅशनल पार्क रिझर्व्ह’ या नावातला शेवटचा शब्द बघा. कॅनडात ‘रिझर्व्ह’ जोडलं जातं ते तिथल्या जमिनीवरचे मूलनिवासींचे दावे अजून पूर्ण सुटलेले नसतात म्हणून. सरकारी नावसुद्धा कबूल करतं की मालकीचा प्रश्न शिल्लक आहे. कॅप्शन ते कबूल करत नाही. ज्या जंगलात साल काढल्याच्या जुन्या खुणा अंगावर घेऊन सीडरची झाडं अजून जिवंत उभी आहेत, त्याला ‘अस्पर्श’ म्हटलं, की ती साल काढून दोर आणि कपडे विणणारी माणसं गोष्टीतून गायब होतात.

‘पण प्रेक्षक माझी गोष्ट बघायला येतो’, असं कोणी म्हणेल. खरं आहे. ‘मी’ काढून टाका असं माझं म्हणणंच नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. ‘हे ॲप मी एकट्याने बनवलं’ म्हणणाऱ्याच्या फोल्डरमध्ये इतरांनी लिहिलेल्या शेकडो लायब्रऱ्या असतात. पण त्यांची नावं निदान लायसन्सच्या फाइलमध्ये सापडतात. ट्रेलच्या व्हिडिओत तेवढीही फाइल नसते.

आपलं ट्रेकलेखन याच गावचं. ‘गड सर केला’ असं आपण सहज लिहितो. वर जाणारी पायवाट पायथ्याच्या वाडीतल्या गुरांनी आणि माणसांनी वापरून जिवंत ठेवलेली असते. ज्यांच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाऊन आपण निघतो, ते लेखात फक्त ‘स्थानिक’ होऊन बसतात. आणि धुकं मात्र तीन परिच्छेद खातं.

मला बघायचाय तो व्हिडिओ फार अवघड नाही. चालणारा दमलेला असू दे, रडू दे. फक्त एका शिडीपाशी कॅमेरा पाच मिनिटं थांबू दे आणि ती दुरुस्त करणाऱ्याला विचारू दे: हे लाकूड इथवर आणलं कसं? निटिनाटच्या बोटवाल्याला विचारू दे: आज पाण्याला ओढ किती आहे, आणि हे तुम्हाला कोणी शिकवलं? तो सातवा व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघेन.